झाकणाच्या आत

छगनने शेवटचा स्क्रू सैल केला, तशा सिल्व्हियाबाई खुर्ची सोडून उभ्या राहिल्या.

"जरा हळू हं."

"ताई, आता हळू काय अन् जोरात काय. लाइट भसकन वाढली अन् आतून पार जळालंय हे."

छगन मेकॅनिक. श्रीरामपुरात या मशीनला हात लावायला कुणी धजत नव्हतं, म्हणून त्याला नगरहून बोलावलं होतं. छापखान्यातला जुना मॅकिंटॉश कॉम्प्युटर परवापासून चालू होत नव्हता. दुरुस्त होईल की भंगारात घालायचा, एवढंच मालकांना, रंगनाथशेठना, कळायला हवं होतं.

मशीन आलं तेव्हापासून सिल्व्हियाबाईच त्याच्यावर बसत. लग्नपत्रिका, शाळेचे अहवाल, चर्चची गाणी, सगळं त्यांच्या हातचं. त्याच्याविषयी कुठे काही छापून आलं की शोधून वाचायच्या. एवढासा डबा, वर धरायला खोबण. "उचलून कडेवर घ्यावंसं वाटतं की नाही?" असं गिऱ्हाइकालाही विचारायच्या. हे मशीन बनवणारी कंपनी ज्याने काढली त्यालाच कंपनीने घालवलं होतं, तो यंदा परत आला, हे पेपरात वाचलं त्या दिवशी त्यांनी छापखान्यात पेढे वाटले होते. रंगनाथशेठनी पेढा तोंडात टाकून विचारलं होतं, "म्हणजे आता स्वस्त होणार का?"

छगनने मागचं झाकण ओढून काढलं. "काचेच्या ट्यूबला हात लावू नका, करंट असतो," असं बजावून त्याने झाकण टेबलावर उताणं ठेवलं.

सिल्व्हियाबाईंनी चष्मा लावला. झाकणाच्या आतल्या बाजूला सह्या होत्या. प्लास्टिकमध्येच उठवलेल्या, एकीला खेटून एक.

"खरंच आहेत की!"

"काय?" शेठ वाकले.

"हे ज्यांनी बनवलं त्यांच्या सह्या. मी वाचलं होतं. पण हे उघडायची वेळच आली नव्हती ना."

"कुणाला दिसणार नाहीत, तर केल्या कशाला?"

बाई त्या अक्षरांवरून बोट फिरवत राहिल्या. एक सही ऐसपैस, शेपूट लांबवर ओढलेली. एक कोपऱ्यात अंग चोरून बसलेली. एवढी माणसं पडद्यामागे हातभर अंतरावर होती आणि बाईंना आजवर वाटत आलं होतं, या खोलीत आपण एकट्याच बसतो.

"होईल का चालू?" शेठनी छगनला विचारलं.

"न्हाई. बोर्डच गेलाय. मुंबईला मिळाला तर मिळाला, पण त्यापेक्षा नवा कॉम्प्युटर घ्या."

"मग लाव ते झाकण. उद्या भंगारवाला येतोच आहे."

छगनने हात पुढे केला. "लावू ना, ताई?"

बाईंचं बोट झाकणावरून हललं नाही.

"थांबा हो जरा," त्या म्हणाल्या. "अजून निम्म्यांचीच नावं वाचून झालीत."