जे उठत नाहीत

लालीबाईने पक्षी दोन्ही हातांनी उचलला, पण त्याची मान मोडणं तिला जमेना. सकाळपासून न उठणारा हा सातवा.

"जो उठत नाही त्याची मान मोडायची," तिचा मुलगा राजकुमार पुसदला जाताना सांगून गेला होता. "नुसता बसल्या जागी खाते. कायले ठेवतं?" दोन दिवसांसाठी शेड त्याने आईवर सोपवली होती. तांड्याबाहेरच्या त्या लांबलचक शेडमध्ये कंपनीचे पाच हजार पक्षी, ब्रॉयलर कोंबड्या, होते. कंपनीने एक दिवसाची पिल्लं आणून टाकायची, पस्तीस दिवसांत ती दोन किलोंची व्हायची. अंग फुगायचं. पायांना ते पेलायचं नाही.

लालीबाईने जन्मभर अंगणात कोंबड्या पाळल्या होत्या. एखादीचा पाय दुखावला तर हळद लावून चिंधी बांधायची, की चार-पाच दिवसांत ती पुन्हा उकिरडा उकरू लागायची. यांनाही माती मिळाली, ऊन मिळालं तर उठतील, असं तिला वाटलं.

तिने सातही पक्षी एकेक करून मागच्या कडुनिंबाखाली नेऊन ठेवले. त्यांच्या छातीवर पिसं नव्हती. शेडमध्ये खाली पसरलेल्या ओल्या तुसाने कातडी भाजल्यासारखी लाल झाली होती. तिने हळद लावली, पुढ्यात कणी टाकली. एक पक्षी पंखांवर रेटा देत वीतभर सरकला. लालीबाईला तेवढंही पुरलं. दिवस मावळताना तिने ते टोपल्यांखाली झाकले.

सकाळी, जरा ऊन खाऊ द्यावं म्हणून तिने टोपल्या काढल्या आणि ती हापशीवर पाण्याला गेली. परत आली तेव्हा कडुनिंबाखाली कावळे होते.

पक्षी पळाले नव्हते. त्यांना पळताच येत नव्हतं. कावळ्यांनी त्यांचे डोळे काढले होते. दोघांची पाठ फाडली होती. सातही जिवंत होते. एक जण, काही दिसत नसताना, कणीसाठी मातीत चोच आपटत होता.

लालीबाईने कळशी खाली ठेवली. एकेकाला मांडीवर घेतलं आणि साती माना मोडल्या. मग ती शेडमध्ये गेली. विष्ठेच्या, डोळ्यांत चुरचुरणाऱ्या वासातून ती या टोकापासून त्या टोकापर्यंत वाकून फिरली. आणखी एकोणीस उठत नव्हते. त्यांच्याही माना तिने मोडल्या. एकदाही थांबली नाही.

दुपारी राजकुमार आला. दाराशी भरलेलं पोतं पाहून तो थबकला.

"तुनं मोडल्या?"

"हो."

"मले वाटलं, तुह्यानं होनार नाही."

ती बादलीत हात धूत राहिली. हात केव्हाच स्वच्छ झाले होते, तरी ती धूत होती. राजकुमारला आईची दया आली. हे काम तिला सांगायला नको होतं, असं त्याला पहिल्यांदाच वाटलं. तो तिच्याजवळ उकिडवा बसला.

"याडी, आयक ना," तो आईला समजुतीने म्हणाला. "कापाले न्यायची गाडी परवा येनार होती, ते आता येत नाही. कंपनीले वजन अजून पाह्यजे म्हनते. आठ दिवस अजून जगतीन तुह्या कोंबड्या."

लालीबाईने शेडकडे पाहिलं. आतली अंगं अजून आठ दिवस फुगणार होती. मग ती ओल्या हातांनीच मातीत टेकली, आणि सव्वीस माना मोडताना डोळ्यांतून टिपूस न काढलेली ती बाई ओक्साबोक्शी रडू लागली.