जपानी बागेतलं बोलणं

"बाळ, मी काय म्हणत होते..."

"थांब थांब, तो केशरी मासा बघ! काय तोंड उघडतोय लेकाचा!" बाळनं लाल पुलाच्या कठड्यावरून वाकून मोबाइल पाण्याकडे रोखला आणि ताईचं वाक्य पुन्हा तोंडातल्या तोंडात राहिलं.

बाळ तिचा धाकटा भाऊ. डोक्यावरचे केस गेले, हाताखाली माणसं आली, तरी आईच्या तोंडचं 'बाळ' काही सुटलं नाही, आणि मग कुणाच्याच. दोन दिवसांसाठी आला होता, संध्याकाळी परत निघायचा होता. या दोन दिवसांत आई त्याच्यासमोर अशी काही शहाण्यासारखी वागली होती, की ताईच खोटी पडत होती. जेवली नीट, हसली नीट, त्याच्या बदलीची चौकशीसुद्धा केली. घरात तिच्यादेखत बोलणं शक्य नव्हतं. म्हणून ताईनं अर्ध्या दिवसाची रजा टाकली, 'आईला जरा मोकळी हवा' म्हणत दोघांना या जपानी बागेत आणलं आणि आईला तळ्याकाठच्या बाकावर बसवून भावाला पुलावर गाठलं.

"सहा महिने तिला तुझ्याकडे ने," ती एका दमात म्हणाली.

बाळनं मोबाइल खिशात ठेवला. "अगं, पण तिथं तिच्या ओळखीचं कोण आहे?"

"इथं तरी कुणाला ओळखते? समोरच्या वहिनींना परवा विचारत होती, तुम्ही इथं नवीन का म्हणून."

"वय झालंय. थोडंफार विसरायचंच माणूस."

"थोडंफार? गॅस उघडा ठेवते, बाळ. रात्री मध्येच मला हलवून उठवते, शाळेला उशीर होतोय म्हणते. मला झोप नाही. दातांच्या लॅबमध्ये परवा कवळी घासता घासता डोळा लागला, आणि कुणाची तरी कवळी पडून तिचे दोन तुकडे झाले. मालक नुसते बघत राहिले."

बाळनं मान हलवली. ऐकल्यासारखी. मग कठड्यावर कोपर टेकून त्यानं लांब श्वास घेतला. "किती शांत वाटतं ना इथं? जपान्यांचं हेच मला आवडतं बघ. कुठं म्हणून पसारा नाही."

ताईच्या मस्तकात तिडीक उठली. "पसारा नाही, कारण कुणीतरी मेलं रोज राबून तो आवरत असतं!"

आवाज चांगलाच चढला होता. पलीकडे पांढऱ्या वाळूत दाताळ्यानं रेषा ओढणारा माळी ताठ झाला आणि त्यानं ओठांवर बोट ठेवलं. बाळ ओशाळला. माळ्याकडे बघून, बहिणीच्या वतीनं माफी मागावी तसा हसला.

"तापू नकोस गं. बघतो. घरी बोलून बघतो."

"मागच्या वेळीही बघतोच म्हणाला होतास."

यावर तो काय म्हणाला ते ताईला ऐकू आलं नाही. तिची नजर बाकाकडे गेली होती. बाकावर नुसती पर्स होती.

आई तळ्यात होती. पलीकडे जायला पाण्यात दगड मांडले होते, त्यांतल्या मधल्या दगडावर ती दोन्ही हात पसरून उभी होती. पुढचा दगड लांब, मागे वळायची हिंमत नाही. पायाखाली शेवाळ.

"आई! हलू नकोस!" बाळ पुलावरून ओरडला. "ताई, अगं बघ ना तिला!"

ताई केव्हाच धावत सुटली होती. दगडांवरून जाण्यात अर्थ नव्हता, ती बुटांसकट सरळ पाण्यात उतरली. गुडघ्यापर्यंत चिखल. मासे पायांवर आपटत होते. तिनं आईला कमरेला धरलं, तशी आईनं आपला सगळा भार तिच्यावर टाकला आणि तिच्या कानात सांगितलं, "बाळला कळू देऊ नकोस हं. उगाच काळजी करत बसेल."

बाळ तोवर काठावर येऊन पोचला होता. त्यानं हात पुढे करून आईला वर घेतलं, बाकावर बसवलं, रुमालानं तिचे हात पुसले. हात कोरडेच होते. त्याचे डोळे भरून आले होते, आणि ते खोटं नव्हतं.

"पाहिलंस ताई? मी नुसता ओरडत राहिलो. तू धावलीस. हे तुलाच जमतं गं. माझ्याकडे हाल होतील तिचे."

सकाळपासून घोकलेलं सगळं बोलणं ताईच्या जिभेवर होतं, आणि त्यातलं काहीच आता उपयोगाचं नव्हतं. पाण्यात उतरली, तिथंच हरली होती ती. तिनं वाकून बुटांतला चिखल काढला. मग आईचा हात उचलला आणि भावाच्या हातात दिला.

"धर."

"अगं, कुठं निघालीस?"

"पाय वाळवायला."

ती फाटकाच्या दिशेनं चालू लागली. चिंचोळी वाट, दोन्ही बाजूंना बांबू, आणि प्रत्येक पावलाला बुटांचा पचपच आवाज. मागून बाळच्या हाका आल्या. तिनं वळून बघितलं नाही.

मग आईचा आवाज आला. अनोळखी माणसाशी बोलताना ठेवायचा तो अदबीचा आवाज.

"अहो, माझा हात जरा सोडता का? तुमच्याकडे फोन आहे ना, माझ्या बाळला लावून द्या. म्हणावं, ये आणि घेऊन जा मला."