संपातले काका

सरकार मानधन वाढवून देत नाही तोवर गरीब आरोपींचे खटले चालवायचे नाहीत, असं ठरवून वकील कोर्टाच्या पायऱ्यांवर ठाण मांडून बसले होते. त्यांच्यात एक काका होते. अंगात जुनाट काळा कोट, बाह्या मनगटाच्या पार वर चढलेल्या. पण घोषणा अशी द्यायचे की बाकीच्यांचे आवाज त्यापुढे फिके पडायचे. कुणीतरी जुने सीनियर असतील, असं सगळेच धरून चालले होते.

आज बोलणी पुन्हा फिसकटली, संप लांबला. सगळे पांगले. काका मात्र फलक मांडीवर घेऊन तिथेच मटकन बसले. एक तरुण वकीलबाई थर्मासमधला चहा घेऊन त्यांच्याशेजारी टेकल्या.

"एवढं काय मनाला लावून घेता, काका? तुमचं मानधन बरंच थकलंय का?"

"माझं कुठलं? मी वकील नाही, मॅडम. हा कोट माझ्या लग्नातला."

"मग इथे रोज कशाला येता?"

"मुलगा आत आहे. चोरीचा आळ आलाय. तुमचं मिटल्याशिवाय त्याचा जामीन काही पुढे सरकत नाही. म्हटलं, घरी बसून काय करू? तुमच्यात एक आवाज तरी वाढेल."

वकीलबाईंनी चहा ओतून कप त्यांच्या हातात दिला. मग त्यांनी विचारलं, "त्याला वकील कोण दिला होता?"

काका कसनुसं हसले.

"तुम्हीच की."