आत्याची पिवळी पुडी

"आत्या, दाबून धर ना! रक्त थांबत नाहीये!" ताई किंचाळली.

तलावाच्या ओल्या पायरीवर माझी चार वर्षांची भाची शर्वी घसरली आणि तिची हनुवटी फुटली. सहलीला निघालो तरी आमच्या आत्याच्या डब्यांच्या पिशवीत हळद असतेच. तिने पिवळी पुडी फोडली आणि चांगली मूठभर जखमेवर चेपली.

रक्तापेक्षा मला भीती वाटली ती शर्वीच्या गप्प बसण्याची. घरून निघाल्यापासून अखंड बडबडणारी पोरगी रडेना, बोलेना. डोक्याला मार लागला की काय? मी गाडी सुसाट पळवली, ताई वाटभर तिला हाका मारत होती.

दवाखान्यात डॉक्टरांनी जखम बघितली, बोट नाकाशी नेलं. "हे काय लावलंय?"

"हळद!" आत्या ठसक्यात म्हणाली.

"आजी, हे मेतकूट आहे."

शर्वीने जीभ बाहेर काढून ओठाखालचं चाटून बघितलं.

"मेतकूट? मग भात कुठाय? तूप पण पाहिजे. आणि तलावातलं ते बदक का नाही आणलं? आणि मामा, तू..."

"अहो, हिला गप्प करा, टाके घालायचेत मला!"

"नको ना डॉक्टर," ताई रडत रडत हसली, "जरा बोलू दे तिला."