उबेदचा भोंगा

१९९७ साली महाडच्या उबेदने डफाच्या ठेक्यावर कविता म्हणत एक नाटक बसवलं. कारखान्यातून वायू सुटला आणि भोंगा वाजला, तर सगळं टाकून डोंगराकडे पळा, एवढंच त्याला लोकांना शिकवायचं होतं. कारखान्याच्या फाटकासमोरच्या मैदानात तो हाताने फिरवायचा भोंगा वाजवी, आणि शेजारच्या वाडीतली माणसं बसायला पोती घेऊन धावत येत.

डफ वाजवणाऱ्या थोरल्या बहिणीला, महरुन्निसाला, ते पहिल्या दिवसापासून खटकत होतं.

"उबेद, भोंग्यावर माणसं बोलवू नको रे."

"आपा, नुसत्या कवितेला कोण येतंय? तो गोमाजी बघ, पुढची जागा कुणाला देत नाय!"

नाटकाने नाव काढलं. उबेद मुंबईला गेला, मोठा दिग्दर्शक झाला. महाडलाच राहिलेल्या महरुन्निसाने पुढे डफाला कधी हात लावला नाही.

आणि गोमाजी मेला, कारखान्याचा खरा भोंगा वाजला त्या संध्याकाळी, "चला रे, उबेद आला!" म्हणत, पोतं काखेत मारून, अख्ख्या वाडीच्या पुढे फाटकाकडे धावताना.