बाटलीतला डाग

खुनी माणूस घडत नाही, जन्माला येतो, असं मोठ्या डॉक्टरांचं ठाम मत. तुरुंगातून आणलेल्या कैद्यांचे मेंदू ते यंत्रात तपासत. ज्याच्या मेंदूत ठरावीक जागी काळा डाग दिसे, त्याची सुटका कायमची बारगळायची.

यंत्र नीट चाललंय ना, हे पाहायला तंत्रज्ञ बाई रोज सकाळी आधी पाण्याची एक सीलबंद बाटली त्यात ठेवायच्या. त्या दिवशी पडद्यावर पाण्यात तोच डाग उमटला. त्याच जागी.

"यंत्रच बिघडलंय, सर. मग इतक्या कैद्यांचं काय?"

"दुसरी बाटली लावा."

दुसरी स्वच्छ निघाली. तिसरीही. पहिलीत मात्र डाग पुन्हा होताच.

"आता पाण्यालाही फाशी द्या," बाई कशाबशा हसल्या. डॉक्टर हसले नाहीत.

बाईंनी तिन्ही बाटल्या कपाटात ठेवल्या, कुलूप लावलं आणि किल्ली स्वतःबरोबर घरी नेली.

सकाळी कपाट उघडलं, तर दोन बाटल्या गळा आवळल्यासारख्या चेपून फुटलेल्या. खाली पाण्याचं थारोळं. डागवाली तेवढी जागच्या जागी उभी होती.

बाईंनी ती उचलली. त्या थंडगार खोलीत रात्रभर राहूनही बाटली कोमट होती, जिवंत अंगाइतकी.