दोन मोठी, एक छोटी

"तळमजलाच हवा," ती म्हणाली. "आणि व्हरांड्याच्या कठड्याला फटी नकोत. आमची भिंगरी डोकं घालते."

बुकिंगवाली हसली. "केवढी आहे?"

"चार पूर्ण. एका जागी ठरत नाही, म्हणून भिंगरी."

"आणि जाणार किती जण?"

"दोन मोठी, एक छोटी. चार रात्री."

जेवणाच्या सुट्टीचा अर्धा तास होता. चष्म्याच्या दुकानातून ती तशीच उठून आली होती. काचा घासून बोटांच्या पेरांवर पांढरी भुकटी बसली होती आणि डबा पिशवीत तसाच होता.

बुकिंगवालीने बेटाचा नकाशा टेबलावर पसरला. धक्क्याजवळचं लॉज स्वस्त, पण बोटींचे भोंगे पहाटेच उठवणार. टेकडीवरचं हॉटेल म्हणजे राजेशाही थाट, पोहायला तलाव, खोलीत झोपाळा. आणि दोन्हींच्या मधे, वाळूपासून पाच मिनिटांवर, एका बाईंचं सहा खोल्यांचं घर.

"तलाव बघा ना, ताई. पोरं वेडी होतात. निघायचं नाव घेत नाहीत."

"म्हणूनच नको," ती पटकन म्हणाली. मग जरा सावरली. "फार भारी नको हो. परत आल्यावर तिला आपलं घर लहान वाटायला लागलं तर?"

"मग धक्क्याजवळचं?"

"गादी दमट असली की तिचा कान ठणकतो."

"म्हणजे मधलं."

"मधलंच बरं."

तिने भिंगरीच्या बाबाला फोन लावला. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. त्याचा आवाज विहिरीतून यावा तसा आला.

"सहा खोल्यांचं घर आहे, ते घेतेय. चालेल?"

"तू म्हणशील ते. मला नको विचारूस बाई. भिंगरीच्या आधी एकदा मी खोली घेतली होती ती विसरलीस?"

"बर्फाच्या कारखान्यावरची."

"रात्रभर नुसती धडधड! सकाळी तू काय म्हणालीस? फिरायला आलोय की रात्रपाळीला?"

दोघंही हसली.

"तुझ्या हातून झालं की मला घोर नसतो," तो म्हणाला.

"माहीत आहे."

"थँक्यू, हं."

तिने फोन खाली ठेवला. इतक्या वर्षांत त्याने ती एक खोली सोडली तर कधी काही ठरवलं नव्हतं. तिकिटं, डॉक्टर, गॅसवाला, बालवाडीचा अर्ज, सगळं तिच्याकडे. कुणी तसं सांगितलं नव्हतं. पडलं होतं तसं.

"सगळ्या नवऱ्यांचा साचा एकच," बुकिंगवाली म्हणाली. "आमचे तर स्वतःच्या पायातले मोजे कुठे आहेत तेही मला विचारतील."

बोलता बोलता तिचा चष्मा तिसऱ्यांदा नाकावरून घसरला.

"द्या इकडे." तिने पिशवीतून बोटभर पेचकस काढला, दांडीचा स्क्रू दोनदा फिरवला आणि चष्मा पदराने पुसून परत दिला. "आता नाही घसरायचा."

घरमालकीणबाईंशी तिला स्वतः बोलायचं होतं. बुकिंगवालीने नंबर लावून दिला. गरम पाणी सकाळी कितीपर्यंत? न्हाणीघरातला दिवा रात्रभर ठेवला तर चालेल? डॉक्टर किती लांब?

"आणि छोटा पलंग मोठ्याला चिकटवता येईल? झोपेत तिच्या हाताला माणूस लागलं पाहिजे."

"येईल की."

"रात्री रडलीबिडली, तर शेजारच्या खोलीतले कुरकुर करतील का?"

"अहो, कशाला रडेल? आई कुशीत असली की पोरं माळावरसुद्धा झोपतात."

तिने फोन या कानावरून त्या कानावर घेतला.

"हो," ती म्हणाली. "पण घर सोडून पहिल्यांदाच जातेय ना. आजवर एक रात्रही बाहेर झोपली नाहीये."

फोन झाल्यावर तिने काचांच्या रिकाम्या पाकिटाच्या पाठीवर बारीक अक्षरात लिहायला घेतलं. उजव्या कुशीवर झोपते. दूध कोमट, साय काढून. समुद्राला घाबरली तर ओढून नेऊ नये, आपण आधी बसावं, ती आपोआप येते. केस विंचरताना वरून नाही, खालून सुरू करावं.

बुकिंगवालीने मान वाकडी करून वाचलं. "अहो, हे लिहून काय ठेवताय? तुम्हाला तर तोंडपाठ असणार."

"ऐन वेळी गडबडीत राहून जातं."

"तेही खरंच. मी एकदा पोरीची चप्पलच विसरले होते. चार दिवस कडेवर!" तिने फॉर्म पुढे ओढला. "बरं, ओळखपत्रं? बोटीवर चढताना तपासतात, आणि त्या बाई घरातही पाहतात. नाती लिहावी लागतात. कुटुंबाच्या खोलीत कुटुंबच लागतं त्यांना."

तिने पिशवीतून पाकीट काढून दिलं. "भिंगरीच्या बाबाने काल पाठवली आहेत. मी अजून उघडलं नाही."

बुकिंगवालीने पाकीट फोडलं. भिंगरीचा जन्मदाखला पाहून पहिली ओळ भरली. नातं, मुलगी. मग बाबाचं कार्ड. नातं, वडील. मग उरलेलं कार्ड घेतलं. त्यावरच्या फोटोकडे पाहिलं. मग समोर पाहिलं. पुन्हा फोटोकडे पाहिलं.

"ताई, गडबडीत दुसऱ्याच कुणा बाईचं आलंय हे."

"नाही. तेच आहे. मी नाही, त्यांच्याबरोबर ही जातेय." तिने फोटोकडे एकदाच पाहिलं आणि कार्ड उलटं करून ठेवलं. "नात्याच्या जागी आई लिहा. धक्क्यावर कुणी विचारलंच, तर ही कोण ते माझ्या भिंगरीला सांगत बसावं लागू नये."